पांढऱ्या हातमोज्यांचा ऋतू

निवडणुका जाहीर झाल्या की मी पहिलं काम करते ते रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेण्याचं. बाहेर ऊन मी म्हणत असतं, पंखा गरम हवाच फिरवत असतो आणि शेजारच्या देशमुख वहिनी दार वाजवून विचारतात, "अहो, गुदमराल की अशानं!" गुदमरेन, पण ऐकणार नाही. गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा जाते, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या उत्साहात कुणीतरी एकाच माणसाचं नाव घेत राहतं. मला मात्र त्या आवाजाच्या मागे दुसराच आवाज ऐकू येतो. बाईचा, बारीक, अतिशय नम्र. तो आवाज इचिकावाचा आहे.

टोकियोच्या पूर्वेला नदी ओलांडली की इचिकावा. माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या कंपनीनं त्याला कावासाकीच्या एका प्रोजेक्टवर पाठवलं तेव्हा संगणकवाल्यांची नुसती रीघ लागली होती तिकडे, आणि आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं तिथल्या सरकारी गृहसंकुलांत येऊन राहिली होती. दानची म्हणतात त्याला. एकसारख्या पिवळट इमारती, एकसारख्या बाल्कन्या, प्रत्येक बाल्कनीत कपडे वाळत घालायची एकसारखी दांडी. मधोमध चेरीचं एक म्हातारं झाड होतं, त्याच्या बाजूला कचऱ्याच्या पिशव्या ठेवायचा जाळीचा पिंजरा. एप्रिलमध्ये फुलं झडून जातात, पाकळ्या गटाराच्या कडेला तपकिरी होऊन साचतात, आणि नेमक्या त्या दिवसांत त्या गाड्या फिरायला लागतात.

छोटी पांढरी गाडी, टपावर उमेदवाराच्या नावाची पाटी आणि कर्णे. खिडक्यांतून पांढरे हातमोजे घातलेले हात बाहेर आलेले, आणि ते सगळे हात हलताहेत. आतली बाई नाव सांगते, पुन्हा नाव सांगते, विनंती करते, आभार मानते आणि पुन्हा नाव सांगते. त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यानं ते स्वतःच पुरेसं सांगितलेलं आहे.

पहिल्यांदा ती गाडी दिसली तेव्हा माझ्या हातात कांद्याची पिशवी होती, अंगात पंजाबी ड्रेस आणि त्यावर शिरीषचं जुनं जाकीट. मला मत नाही हे दहा कोसांवरून कळावं असा अवतार. तरी गाडी हळू झाली, सगळे हातमोजे माझ्या दिशेनं वळले आणि ती बाई मला उद्देशून काहीतरी फार गोड बोलली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. ज्याला आपल्याकडून काही मिळायचं नाही तो इतका गोड का हसतो, असा विचार करत मी घरी आले आणि कांदे चिरताना तोच विचार करत राहिले.

स्वभावच माझा तसा. शिरीष म्हणतो, तुला फुकट पेढा दिला तरी तू तो आधी फोडून बघशील. त्याला कारण आहे. जपानला यायच्या आधी ठाण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. एकोणिसाव्या शतकातला युरोप हा माझा हातखंडा विषय. तो शिकवून शिकवून मला एक खोड लागली, की गर्दी खूश दिसली की तिला कुणी आणि कशासाठी खूश केलं ते शोधायचं. लग्नाच्या मांडवातसुद्धा ही खोड सुटत नाही.

आणि त्याच एप्रिलमध्ये आमच्या मुक्तानं तोच विषय घरी आणला. मुक्ता तिथल्या जपानी शाळेत जायची. मराठी समजायचं सगळं, पण उत्तर बहुतेकदा जपानीत यायचं, नाहीतर तिन्ही भाषांची भेळ. इतिहासाच्या तासाला प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं होतं आणि हिच्या वाट्याला आला होता साम्राज्यवाद. जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवून ती म्हणाली, "आई, हे लोक बघ. हे पुअर आहेत ना?"

पुस्तकात चित्र होतं. युरोपातल्या कुठल्याशा शहरातला रस्ता, टोप्या हवेत उडवणारी माणसं, खिडक्यांतून झेंडे.

"हो, गरीबच. गिरण्यांतले, गोदीतले."

"यांना आफ्रिकेतलं काय मिळालं?"

"यांना काही नाही. चहा थोडा स्वस्त मिळाला असेल. साबणाच्या डब्यावर हत्तीचं चित्र मिळालं असेल."

"मग हे हॅपी का आहेत? नांदे?"

नांदे म्हणजे का. हा एक शब्द ती घरात दिवसभर वापरायची आणि माझ्याकडे प्रत्येक वेळी उत्तर असायचंच असं नाही. या वेळी मात्र होतं. वर्गात शेकडो वेळा दिलेलं. मी तिला सांगितलं की आधी राज्य मूठभर जमीनदारांचं होतं. मग रेल्वे आली, शाळा सक्तीची झाली, स्वस्तातली वर्तमानपत्रं निघाली आणि लिहावाचायला शिकलेला मजूर म्हणायला लागला, मलाही मत द्या. वरचे लोक घाबरले. थोडं थोडं करून मत द्यावं लागलं. मत दिल्यावर प्रश्न आला, या एवढ्या माणसांना आपल्या बाजूला ठेवायचं कसं? पगार वाढवायचा तर खिशाला चाट. घरं बांधून द्यायची तर जमीन जाते. त्यापेक्षा नकाशा दाखवणं स्वस्त. हे बघा, एवढा भाग आपला, म्हणजे तुमचा. ज्या माणसाला स्वतःची धड खोली नव्हती त्याला अर्धा खंड मिळाला.

"आणि त्यानं बिलीव्ह केलं?"

"केलं ना. टोपी उडवतोय बघ."

मुक्ता त्या चित्राकडे बघत राहिली. मग जपानीत काहीतरी पुटपुटली आणि पोळीचा तुकडा मोडला. मी विचारलं काय म्हणालीस, तर म्हणाली, "बेत्सुनी." काही नाही. तिला उत्तर पटलेलं नाही हे मला कळलं, आणि शिक्षिकेला असतो तो राग मला आलाही.

मुक्ताची जिवाभावाची मैत्रीण होती मेई. चिनी मुलगी, पलीकडच्या इमारतीत राहणारी. तिची आई लिऊ-सान (आपण लिऊबाई म्हटलं असतं) बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात अर्धवेळ कामाला जायची. चेहऱ्यावर कायम थकवा, केसांना कामावरची जाळी तशीच राहिलेली. मला ती बाई आवडायची नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. ती जिन्यात भेटली की मान खाली घालून जायची, आणि मान खाली घालणारी माणसंही मला संशयास्पद वाटतात. मान वर करून गोड हसणाऱ्यांबद्दल तर सांगितलंच. म्हणजे माझ्या तावडीतून सुटायला माणसानं नेमकं काय करावं, हे आता मलाच सांगता यायचं नाही.

त्या वर्षी पाडवा आम्ही दणक्यात केला. मराठी मंडळाचे अध्यक्ष सबनीस एका बँकेच्या टोकियो शाखेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि माणूस उत्साही होता. घरोघरी बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीलाच गुढ्या बांधल्या होत्या. जरीचं कापड, उलटा तांब्या, पुण्याहून आणलेला वाळका कडुलिंब, साखरेच्या गाठी. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंतीचे हार केले, तर मुक्ता म्हणाली, "आई, ही फुलं इथे मयताला देतात." सकाळीच गृहसंकुलाच्या कचेरीतून फोन आला होता की बाल्कन्यांवर हे कुठल्या देशाचे झेंडे लागलेत म्हणून. मुक्तानंच त्यांना फोनवर समजावलं. झेंडा दिसला की आधी तो कुणाचा हे विचारणाऱ्या त्या कारकुनाबद्दल मला, खरं सांगते, थोडी आपुलकीच वाटली.

संध्याकाळी संकुलाच्या सभागृहात कार्यक्रम होता. त्याच सभागृहात दर रविवारी मी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायची. सबनीसांनी त्या हातमोजेवाल्या उमेदवाराला बोलावलं होतं, आणि तो आला. त्याला फेटा बांधला, ओवाळलं, श्रीखंड दिलं. ते त्यानं फक्त हातात धरलं, खाल्लं नाही. सबनीसांनी सगळ्यांना आधीच फोन करून बजावलं होतं, "नंबर्स दिसले पाहिजेत, मॅडम. त्याला कळू दे की वी आर अ फोर्स." आपल्याकडे नगरसेवकाला सोसायटीत बोलावताना करतो अगदी तसं. गर्दी दाखवली की पुढारी वचकतो, नळाला पाणी येतं. इथे आमच्यातल्या एकालाही मत नव्हतं, आणि मत नसलेल्या गर्दीकडे बघून पुढाऱ्याच्या मनात काय येत असेल, हा विचार त्या सभागृहात कुणाच्या डोक्यात आला नाही. मी शिरीषला म्हटलं, "हा आलाच कशाला?" शिरीष म्हणाला, "नीला, श्रीखंड खा."

मग आठवड्याभरात त्याचं पत्रक आलं. त्यावर फेट्यातला फोटो, आणि मुक्तानं वाचून दाखवलं, 'नियम पाळणाऱ्या परदेशी शेजाऱ्यांसोबत निर्धास्त वस्ती.' सबनीसांनी ते पत्रक दारावर चिकटवलं. मला त्यातला 'निर्धास्त' हा शब्द खुपला. कुणाची तरी धास्ती असल्याशिवाय हा शब्द लागत नाही.

त्याच सुमाराला कुरबूर सुरू झाली. कुणीतरी पिंजऱ्याच्या बाहेर कचरा टाकतंय. जपानमध्ये कचऱ्याची वर्गवारी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. जळणारा कचरा म्हणजे मोएरु गोमी वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार वेगळा. आम्ही मंडळी त्या बाबतीत पहिल्या नंबरानं पास होणारी. दुधाची खोकीसुद्धा धुऊन, कापून, सपाट करून ठेवायचो. त्यामुळे आमच्याकडे कुणी बघायचा प्रश्नच नव्हता. बोट गेलं पलीकडच्या इमारतीकडे. मीसुद्धा मनातल्या मनात तिकडेच बोट केलं होतं.

एक दिवस मुक्ता शाळेतून आली आणि दप्तर न काढता दारातच उभी राहिली. "आई, मेईचं घर जाणार."

"जाणार म्हणजे?"

"त्यांच्यावर कम्प्लेंट होणार आहे, गोमीची. आधी एकदा आवाजाची झाली होती. आता झाली तर घर सोडावं लागेल, तिची आई रडत होती."

"मग नियम पाळायचे."

"ते पाळतात!"

"तुला काय माहीत? तू त्यांच्या घरात राहतेस?"

मुक्तानं माझ्याकडे असं बघितलं की मी गॅसकडे वळले. कुकर लावायचा होता.

रहिवासी संघाची सभा रविवारी दुपारी होती. चपला बाहेर काढून सभागृहात शिरलो तर खुर्च्यांच्या रांगा, कागदी पेल्यांत हिरवा चहा. पुढे जपानी वृद्ध मंडळी, मध्ये आम्ही भरगच्च, शेवटच्या रांगेत लिऊ-सान आणि मेई. आमच्यात जपानी सगळ्यांत चांगलं मुक्ताला यायचं, म्हणून सबनीसांनी तिला पुढे उभं केलं होतं, दुभाषी म्हणून. संघाचे अध्यक्ष ओनो-सान हे निवृत्त गृहस्थ, सावकाश बोलणारे. ते म्हणाले की तक्रार लिहून तयार आहे, सभेनं मान्य केली की उद्या कचेरीत जाईल. मग सभेला आलेला आमचा उमेदवार उठला. छातीवर नावाचा पट्टा, हातात तेच पांढरे हातमोजे. आधी कमरेत वाकला आणि मग बोलला.

मुक्ता एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "ते म्हणतात, इंडियन लोक एज्युकेटेड आहेत. कॉम्प्युटरचं काम करतात. फॅमिलीला जपतात, नियम पाळतात." आमच्या रांगांमध्ये माना ताठ झाल्या. "ते म्हणतात, असे परदेशी लोक आम्हाला हवेत. पण सगळे परदेशी असे नसतात." इथे ती थांबली. तो 'चिनी' हा शब्द बोललाच नाही. नुसता शेवटच्या रांगेकडे बघून पुन्हा आमच्याकडे बघत हसला आणि त्यानंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

हातमोज्यांमुळे त्याच्या टाळीला आवाज नव्हता. आवाज सगळा आमचा होता.

मग ओनो-सान यांनी टेबलाखालून पुरावा काढला. चिमट्यात धरलेली पांढरी जाड पिशवी, तोंड लाल नाड्यानं बांधलेलं. अशा पिशव्या चेरीच्या झाडाच्या मुळाशी वरचेवर सापडतात, ते म्हणाले. पिशवी ठेवून द्यायला ते निघाले तेवढ्यात माझा स्वभाव उफाळून आला. मला ते चित्र आवडेना. आरोप तयार, टाळ्या वाजून झाल्या, आणि पुरावा बंद? वर्गात मी मुलांना हेच सांगत आले होते की साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. आता लिऊ-सानचा कचरा बघायची उत्सुकता त्यात नव्हती असं मी म्हणणार नाही.

"मुक्ता, त्यांना म्हणावं उघडा ती."

"आई, नको."

"का नको? उघडू दे की."

"आई, प्लीज." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ओनो-सान यांना माझा हात दिसला होता, हातवाऱ्यांतून अर्थही कळला होता. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि नाडा सोडला.

आधी वास आला. कुजलेल्या शेवंतीचा आणि खवट नारळाचा. मग कागदावर एकेक गोष्ट पडली. काळपट हार, वाळक्या कडुलिंबाच्या काड्या, नारळाची बुरशी आलेली कवड, जळक्या फुलवाती, विरघळून चिकट झालेली गाठीची माळ. आमचा पाडवा होता तो, सबंध मंडळाचा.

जपानी मंडळी नुसती बघत होती, त्यांना काहीच कळत नव्हतं. आम्हाला सगळ्यांना सगळं कळलं होतं. सबनीस काकू स्वतःच्या पायमोज्यांकडे बघत होत्या. लाल नाडा त्यांचाच. आणि मला शपथेवर सांगायला सांगितलं तरी सांगेन, की त्या घडीपर्यंत आमच्यातल्या एकालाही आपण कचरा टाकला असं वाटलेलं नव्हतं. निर्माल्य म्हणजे कचरा नव्हेच. ते त्या पिंजऱ्यात, माशांच्या काट्यांशेजारी कसं ठेवायचं? नदीत सोडायला बंदी. मग राहतं काय, तर झाडाचं मूळ. उडू नये म्हणून पिशवीत घालून, तोंड बांधून. घरोघरी हेच चाललं होतं. कचरा कोण टाकतं असं कुणी विचारलं तर आम्ही छातीवर हात ठेवून 'आम्ही नाही' म्हणालो असतो, आणि म्हणतच होतो.

ओनो-सान यांनी शांतपणे विचारलं, हे काय आहे म्हणून. सबनीस मुक्ताच्या कानाशी झुकले, पण आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "सांग, वी डोन्ट नो. कुणीतरी टाकलं असेल. ते पलीकडच्या गल्लीत बांगलादेशी राहतात ना, त्यांच्यातही असतात हिंदू. सांग बाळा."

मुक्ता हलली नाही.

"अगं सांग ना. आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. उद्या हा हॉल मिळायचा नाही आपल्याला."

मी उठायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, आणि मी उठतही होते, पण पोर माझ्या आधी बोलली. जपानी माणूस 'मी' म्हणताना छातीवर हात ठेवत नाही, स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवतो. मुक्तानं नाकाकडे बोट दाखवलं. त्यामुळे जपानी न येणाऱ्यांनाही पहिलं वाक्य कळलं. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. ही पिशवी मी ठेवली. काकूंनी दिली आणि मी झाडाखाली ठेवली. ही देवाची फुलं आहेत, आमच्याकडे ती कचऱ्यात टाकत नाहीत, म्हणून हा कचरा आहे हे मला आत्ता कळलं. लिऊ-सान यांचा काही संबंध नाही. ही कुठे ठेवायची ते आम्हाला सांगा.

 मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई उठली, खुर्चीचा आधार घेत टेबलाशी आली आणि त्या हाराकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे देवाची जुनी वस्तू पांढऱ्या कागदात गुंडाळतात, चिमूटभर मीठ घालतात आणि मग मोएरु गोमीत देतात. राग नाही येत देवाला." मुक्तानं ते मराठीत सांगितलं. 

तक्रारीचा कागद ओनो-सान यांनी दुमडून खिशात घातला. उमेदवाराला दुसरीकडे जायचं होतं. तो पुन्हा कमरेत वाकला, तेच हसू हसला आणि गेला. पुढे तो निवडून आला. लिऊ-सान कामाला जायला उशीर होतोय म्हणून लगबगीनं उठली, मुक्ताजवळ थांबून तिच्या बाहीला लागलेली कडुलिंबाची काडी तिनं काढली आणि निघून गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, आणि बघावं असं मी काही केलंही नव्हतं.

घरी येताना शिरीष म्हणाला, "खरं बोललीस ते बरोबरच. पण नंतर प्रायव्हेटली सांगता आलं असतं ना?" मुक्ता जिन्यात माझ्यासोबत मागे राहिली आणि म्हणाली, "आई, ते उत्तर मला कळलं."

"कुठलं उत्तर?"

"टोपीवाल्या लोकांचं. तू म्हणालीस त्यांना मॅप दाखवला, म्हणून हॅपी. तसं नाहीये. त्यांना कुणीतरी म्हटलं, तुम्ही चांगले, ते दुसरे वाईट. बस्स. त्याला मॅप पण लागत नाही." मग माझ्या हातांकडे बघून, अगदी साधेपणानं, "तू पण हॅपी होतीस. क्लॅप केलंस."

मी केलं होतं. आठवून पाहिलं तर तळवे अजून गरम वाटत होते. त्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता, त्याच्या हसण्याचा, पत्रकाचा, निर्धास्त या शब्दाचा. आणि तरी, तो आम्हाला चांगले म्हणाला तेव्हा माझे हात मला न विचारता वर गेले होते. इतकी वर्षं वर्गात मी त्या टोप्या उडवणाऱ्या माणसांवर हसले होते. त्यांना फसवलं गेलं, असं शिकवलं होतं. त्यांना ते किती छान वाटलं असेल हे शिकवायचं राहूनच गेलं.

सभागृह आम्हाला मिळत राहिलं. ओनो-सान स्वतः किल्ली आणून द्यायचे. पण माझा रविवारचा वर्ग मात्र रिकामा होत गेला. "मुलांना स्विमिंग लावलंय, मॅडम." "सध्या परीक्षा आहेत हो." शेवटी सबनीसांनीच काय ते स्पष्ट सांगितलं, "मुक्ता हुशार आहे, पण तिला आपलं आणि परकं कळत नाही. बाकीच्या पालकांना जरा तेच वाटतं." बाहेरच्यांनी काढलं नाही ते आपल्यांनी काढलं, आणि मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उन्हाळ्यापर्यंत वर्गात दोनच मुली उरल्या. मुक्ता आणि तिच्याशेजारी बसून गंमत म्हणून अ आ इ गिरवणारी मेई.

मुक्ता आता तिकडेच असते, नोकरी करते, मतदानाचा हक्क मात्र नाही. परवा फोनवर म्हणाली, "आई, गाड्या सुरू झाल्या." खिडकीबाहेर धरलेल्या तिच्या फोनमधून तो बारीक नम्र आवाज मला इथे पुण्यात ऐकू आला. मी म्हटलं, "आमच्याकडेही."

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उमेदवार आला होता. सतरंज्या, खुर्च्या, थंड पाणी. देशमुख वहिनींनी हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. तो फार चांगला बोलला. तुमच्यासारखी सुशिक्षित, संस्कारी कुटुंबं हीच या शहराची खरी ओळख, म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, पण हल्ली बाहेरून कोण कोण येऊन राहतंय, आपण बघतोच आहोत. आणि त्यानं मान किंचित वळवली, तिसऱ्या मजल्याकडे, जिथे भाड्यानं राहणारी कॉलेजची पोरं कठड्यावर उभी राहून ऐकत होती.

टाळ्या कडाडल्या. माझ्या कानांना त्या बऱ्या वाटल्या, हे मी लपवत नाही. देशमुख वहिनींनी टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अहो, हे काय? अशा काय बसलात?"

मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले होते. तो बोलायला उभा राहिला तेव्हापासूनच. कुणाचाच नाही, तसा या हातांचाही मला भरवसा नाही.